उलट्या रस्त्यानं आलेलं उत्तर

हमीदा,

तू गेल्याला आज अकरावा दिवस, आणि मी अजून रागातच आहे. तू गेलीस म्हणून नव्हे. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं सकाळचा चहा प्यावा, बशी बाजूला सारावी आणि भिंतीला टेकून डोळे मिटावेत, असं मरण मागून मिळत नाही. तुला मिळालं. खरं सांगू का, मला थोडा हेवाच वाटतो. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. ती गोष्ट तू सत्तर वर्षं माझ्यापासून लपवलीस, आणि तुझ्या जियारतीच्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, तुझी थोरली शाहीन ती सहज बोलून गेली. मला ठाऊकच असणार, असं धरून चालली होती बिचारी.

ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल. तुला सगळं पाठ आहे, तरी ऐक. मास्तरीण आहे मी. ठाऊक असलेलंच पुन्हा सांगण्यात माझा जन्म गेला.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. लासूर स्टेशनच्या मराठी शाळेत माझी चौथी झाली आणि पुढं रस्ता संपला. पुढचं सगळं शिक्षण उर्दूतून, आणि मुलींसाठी तेही औरंगाबादेतच. माझे वडील, म्हणजे दादा, सहीपुरते शिकलेले शेतकरी. कचेरीतून कागद आला की तो वाचून घ्यायला त्यांना कुणाकुणाच्या ओट्यावर ताटकळावं लागे. कागद उर्दूत, आणि वाचणाऱ्याचा भाव चढा. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. घरात एक तरी उर्दू वाचणारं माणूस हवं, असं दादांच्या मनानं घेतलं. आईनं अट घातली. ती अट मी दारामागून ऐकली होती. "एक साल बघा. पास झाली तर र्‍हाऊ द्या. नापास झाली तर घेऊन यायची अन् लगीन लावून द्यायचं. पोरगी हिकडची नाय अन् तिकडची नाय, असं नको मला."

अशी मी अकराव्या वर्षी गुलमंडीजवळ मामांच्या घरी आले. एका वर्षाची मुदत घेऊन.

पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर बडी उस्तानी, म्हणजे आपल्या शाळेच्या मोठ्या बाई, मला म्हणाल्या, "मामा के साथ घर जाओ." त्या वाक्यातला 'मामा' तेवढा मला पक्का कळला. मी फाटकाशी जाऊन मामांची वाट बघत बसले. एक काळी, धिप्पाड बाई सारखी येऊन माझा हात ओढायची आणि मी तो सोडवून घ्यायची. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा मी कडकडून चावले. मग तू आलीस. दोन वेण्या, ओढणी खांद्यावरून घसरलेली, हसून हसून डोळ्यांत पाणी.

"पोरी, हीच मामा हाय," तू म्हणालीस. "शाळेत पोरींना ने-आण करनाऱ्या बाईला मामा म्हंतात. चावतीस काय तिला?"

"माझे मामा कोर्टात असतात," मी म्हणाले.

"असू दे की. दोन मामा झाले तुला. चल."

त्या बाईचा हात पुढं आठवडाभर सुजलेला होता आणि तिनं मला कधीच माफ केलं नाही. पण शाळेत मला समजेल असं बोलणारं कुणीतरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तू आमच्याच मागच्या बोळात राहतेस हेही. दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या मागं शेपटासारखी. तू वर्गात गेल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नसे. तुला ताप आला तर मी पोट दुखतं म्हणून घरी बसे. मामी म्हणायची, "हिला शाळेत घातलंय का हमीदाच्या पदराला बांधलंय?"

शाळेच्या रजिस्टरात माझ्या यमुनेची जमना झाली. इतरांनी शाळेपुरतं म्हटलं आणि सोडलं, तू जन्मभर म्हटलंस. आता मला जमना म्हणणारं कुणी उरलं नाही.

मामांचं घर वाईट नव्हतं. खायला-प्यायला कमी नव्हतं, कुणी हात उचलला नाही. पण त्या घरात उर्दूला मज्जाव होता. तुला वाटायचं मामा कट्टर आहेत. तसं काही नव्हतं गं. ते दिवसभर कोर्टात उर्दूच्या नकला करत, बोटांना घट्टे पडले होते. घरी आले की हातपाय धुवायचे आणि म्हणायचे, "दिवसभर तेच लिहितो, घरी तरी ते डोळ्यांपुढं नको." मी पुस्तक उघडलं की ते उठून ओसरीवर जात. मग मामी डोळ्यांनी खुणावायची की मिट. ज्या माणसाला सबंध गल्लीत सर्वात चांगलं उर्दू येत होतं, त्याच्या घरात मला एक शब्द विचारायची सोय नव्हती. पुढं मास्तरीण झाल्यावर मुलांच्या घरी जायला लागले, तेव्हा हे पुष्कळ ठिकाणी पाहिलं. घरात काय आहे यापेक्षा दमलेल्या माणसाच्या कपाळावर काय आहे, त्यावर पोराचा अभ्यास ठरतो.

म्हणून मी तुमच्या घरी शिकले. पुढच्या खोलीत तुझे अब्बा पुस्तकं बांधत बसलेले असत. खळीचा वास, दोऱ्याची रिळं, चौफेर सुटी पानं. अब्बा बोलत फार कमी. मी अडले की चष्म्यावरून बघायचे आणि हातातल्या दाभणानंच अक्षर दाखवायचे. तुझी अम्मी मला शेंगा आणि गूळ द्यायची, तेही मी सांगण्याआधीच. माझी मामी घरी गेल्यावर काय विचारणार, हे तिला पक्कं माहीत होतं. "तुझी मामी पुसली तर शेंगा खाल्ल्या म्हण," ती म्हणायची. "शेंगांना कुनाची जात नस्ती." तिचं मराठी भाजीवाल्यांकडून शिकलेलं होतं, त्यामुळं ती माझ्याशीही जरा घासाघीस केल्यासारखीच बोलायची.

आणि मी तिचं उर्दू शिकले. नक्को, हौ, कायकू, मेरेकू. मला वाटलं, हेच ते उर्दू.

बडी उस्तानी मूळच्या तिकडच्या, दूर उत्तरेकडच्या. त्यांच्या तोंडून शब्द असे येत, जणू प्रत्येकाला आधी धुऊन पुसून घेतलंय. एक दिवस त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं तेव्हा मी "मेरेकू नक्को" म्हणाले. अख्खा वर्ग हसला. बडी उस्तानीही हसल्या, पण प्रेमानं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कोई बात नहीं. देहात से आई है, सीख जाएगी." दुसऱ्याच तासाला तू "नक्को" म्हणालीस. तेव्हा त्या हसल्या नाहीत. "तुम्हारी तो मादरी ज़बान है," त्या म्हणाल्या, "और तुम बाज़ार की बोली बोलती हो?" तू खाली बघत राहिलीस. मला त्याचं काहीच वाटलं नाही, हमीदा. मला वाटलं, तुझं काय, तुझीच तर भाषा आहे, तुला काय कठीण. मी माझ्याच पायातला काटा काढत होते, तुझ्या पायाकडं बघायला मला फुरसत नव्हती.

वर्षाची परीक्षा आली. माझं उर्दू बरं झालं होतं. इतिहास-भूगोल तू मला गोष्टीसारखे सांगून पाठ करून घेतले होतेस. हिशोबाची तर मला चिंताच नव्हती, गावाकडं मी पाढ्यांत पहिली. आणि त्याच हिशोबात माझा निकाल लागला. दहा गणितांतलं एक बरोबर, नऊ चूक. मी पेपर हातात घेऊन बघत राहिले. मला एकही चूक दिसेना.

दादांना निरोप गेला. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. शाळेच्या आवारात लिंबाखाली पटका मांडीवर घेऊन बसले होते. रागावले नाहीत. तेच वाईट होतं. म्हणाले, "जाऊ दे पोरी. तू तरी काय करशील. आपल्या अंगचं नाय ते." मी मामीकडं जाऊन माझी ट्रंक भरायची होती.

तू माझ्या हातातून पेपर ओढून घेतलास. पहिलं गणित बघितलंस, दुसरं बघितलंस. पाचव्यापाशी थांबलीस, कारण तेवढं एकच बरोबर होतं. त्याचं उत्तर होतं एकशे एकवीस.

"जमने," तू म्हणालीस, "तू आकडा कुठून लिव्हती?"

"उजवीकडून."

"कायकू?"

"उर्दूत सगळं उजवीकडूनच लिहितात."

तू कपाळावर हात मारून घेतलास. अक्षरं उजवीकडून, पण आकडे मात्र आपल्या मराठीसारखेच डावीकडून, ही गोष्ट वर्षभरात मला कुणी सांगितलीच नव्हती. कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नाही, आणि मला विचारण्यासारखी वाटली नाही. रोजचं गणित मी तुझ्या वहीवरून जसंच्या तसं उतरवत होते, त्यामुळं वहीत चूक दिसायचं कारणच नव्हतं. परीक्षेत एकटी पडले आणि मनापासून, नीट, उजवीकडून लिहीत गेले. चारशे बत्तीसचे दोनशे चौतीस झाले. एकशे एकवीस तेवढे वाचले, कारण ते दोन्हीकडून सारखेच.

पुढचं तू केलंस. बडी उस्तानींच्या खोलीत विचारल्याशिवाय जायची कुणाची छाती नव्हती. तू दार ढकलून आत गेलीस, मला मनगटाला धरून. दादा बाहेर दाराशी उभे राहिले, चपला हातात घेऊन. तू पेपर टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "बडी उस्तानी, इसका हिसाब सहीच है. सिर्फ उल्टे रस्ते से आया."

त्यांनी चष्मा लावला. एकेक उत्तर बोटानं उलटं वाचत गेल्या. मग पेपरच्या मागच्या पानावर मी मराठी आकड्यांत केलेली कच्ची आकडेमोड बघितली. पण त्या शिस्तीच्या बाई. म्हणाल्या, लिहिलेल्याला गुण देता येणार नाहीत, तोंडी विचारते. आणि विचारलं, सतरा अठ्ठे?

मी पाढा म्हटला, जसा गावात म्हणत होते तसाच. "सतरा आठे छत्तीसाशे."

बडी उस्तानींचा चेहरा पडला. त्यांना ऐकू आलं छत्तीसशे. म्हणजे तीन हजार सहाशे. त्यांनी पेन खाली ठेवलं. दाराशी दादांनी मान खाली घातली. त्यांना आमचं बोलणं कळत नव्हतं, पण पेन खाली ठेवलेलं कळलं.

"ना, ना," तू म्हणालीस, "मराठी में छत्तीसाशे बोले तो एक सौ छत्तीस. सौ के ऊपर छत्तीस. पूरी गली के बच्चे ऐसाच बोलते." आणि त्यांना खात्री पटेना म्हणून तू तिथं, त्या टेबलापुढं, सतराचा सबंध पाढा मराठीत म्हटलास. तू, जिला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. बोळात बसून आमच्या पोरांचं घोकणं ऐकून ऐकून तुला तो पाठ झाला होता. मग बडी उस्तानी विचारत गेल्या, मी मराठीत सांगत गेले, आणि तू त्याचं उर्दू करत गेलीस. वीस प्रश्न झाले. एकही चुकला नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं.

बाहेर आल्यावर दादांनी तुला विचारलं, "काय झालं, बाय?"

"पास हाय तुमची पोरगी," तू म्हणालीस. "लई हुशार हाय. फकस्त उलटी चालती."

दादा लिंबाखाली गेले आणि पटक्यानं तोंड पुसत बसले. त्यांनी मरेपर्यंत तुझं नाव घेतलं की आधी हात जोडले. गावाकडून मका आला की त्यातला एक भारा तुमच्या घरी ठरलेला. पुढं मी कचेरीचा पहिला कागद त्यांना वाचून दाखवला, तेव्हा तो कसला होता ते त्यांनी ऐकलंच नाही. नुसते माझ्या तोंडाकडं बघत होते.

सुट्टी संपून मी परत आले, नव्या वर्गाची पुस्तकं छातीशी धरून तुझ्या दारात उभी राहिले. तू आतून आलीस आणि म्हणालीस, "मी येनार नाय आता. मला पडद्यात घेतलं." असं हसत सांगितलंस, जणू नवा झगा शिवलाय. मी रडले, पाय आपटले, मीही जाणार नाही म्हणाले. तू माझी बकोटी धरून मला शाळेच्या मामाच्या हवाली केलंस. "तू जा. तिथं काय शिकवतील ते संध्याकाळी येऊन मला सांग. नाय सांगितलंस तर कट्टी."

म्हणून मी गेले. आणि रोज संध्याकाळी येऊन सांगितलं. आज मागं वळून बघते तर माझं खरं शिक्षण त्याच संध्याकाळच्या तासात झालं. तुला सांगायचं म्हणजे मला आधी कळायला हवं. तू मध्येच विचारायचीस, "पन असं का?" मग दुसऱ्या दिवशी वर्गात मी हात वर करून विचारायची, "असं का?" बडी उस्तानी खूष. त्यांना वाटायचं, ही मुलगी फार विचार करते. विचार तुझा असायचा, हात माझा.

बदल्यात मी तुला मराठी वाचायला शिकवलं. तू मात्र डावीकडून सुरुवात करायला कधी चुकली नाहीस. त्यावरून जन्मभर टोमणे मारलेस.

आणि अब्बांच्या खोलीत तुझं वाचन सुरू झालं. बांधायला आलेल्या पुस्तकांची सुटी पानं तू शिवण्याआधी वाचून काढायचीस. कधी मधलेच आठ-दहा ताव नसायचे, मग तेवढी गोष्ट तू मनानं रचायचीस. "सुट्या पानांवर माझं कॉलेज झालं," असं तू तुझ्या नातवंडांना सांगायचीस, आणि ते खोटं नव्हतं. मी पगारासाठी वाचलं, तू हावरटासारखं वाचलंस. पुढं तुझं लग्न बोळातच झालं, मिशांवर ताव देणाऱ्या तुझ्या घड्याळजीशी, आणि दुपारी तुझ्या ओट्यावर पोरं जमायला लागली. ज्यांना शाळेत काही कळत नसे ती सगळी. त्यांच्याशी तू त्यांच्या घरात बोलतात तसंच बोलायचीस. मी तुला एकदा म्हणालेही, "अगं, जरा शुद्ध बोल, पोरांना वळण लागेल." तू म्हणालीस, "पहले समजू दे. वळन मागून लागंल."

राज्य गेलं, पाट्या बदलल्या, मी मराठी शाळेत नोकरीला लागले. आणि आपलं ते भांडण सुरू झालं, जे परवापरवापर्यंत चालू होतं. मी म्हणायची, शाळा माणसाला वर काढते आणि घर खाली ओढतं. तू म्हणायचीस, घरात जे नाही ते शाळा कुठून देणार. मी दाखला म्हणून दरवेळी तुझंच उदाहरण तुझ्या तोंडावर फेकायची. "तूच बघ. माझ्यापेक्षा दुप्पट हुशार. शाळा तुला न्यायला तयार होती. तुझ्या अब्बांनी पडद्यापायी तुझं नुकसान केलं." तू "हौ गे, केलं" म्हणायचीस आणि चहा टाकायला उठायचीस. तू हरलीस असं मला वाटायचं.

अब्बांवर मी तो राग काढला. एकदा आमच्या शाळेतला पुस्तकांचा गठ्ठा मी त्यांच्याकडं बांधायला दिला. सत्तरीला आलेला माणूस, आयुष्यभर उर्दू पुस्तकं बांधलेली. सवयीनं त्यांनी सगळ्या मराठी पुस्तकांचा पुठ्ठा उर्दूसारखा चढवला. पुस्तक उघडलं की शेवटचं पान पुढं. मी चारचौघांत म्हणाले, "शिक्षणाची किंमत नसली की असं होतं." ते उठून उभे राहिले. मला तेवढाही मान द्यायची त्यांना गरज नव्हती. म्हणाले, "गलती हुई, बाई." सगळी पुस्तकं तू रात्रीतून नव्हे, चांगली दोन दुपारी बसून उसवलीस आणि नव्यानं बांधलीस. मला एक शब्द बोलली नाहीस. त्यानंतर मी तुमच्याकडं आले की अब्बांना सलाम न करताच सरळ आत जात होते. ते असेपर्यंत.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात तर मी कमालच केली. तू पहिल्या रांगेत बसली होतीस, इस्त्रीचा दुपट्टा घेऊन. मी व्यासपीठावरून सांगितलं, माझी एक मैत्रीण होती, तिच्या घरानं तिचे पंख कापले, शाळा मात्र हात पुढं करून उभी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. नंतर मला म्हणालीस, "लई चांगली बोललीस. थोडं कमी बोललीस तर अजून चांगली बोलशील."

आता शाहीननं जे सांगितलं ते. जियारतीला तुझ्या नातीची मुलगी माझ्या शेजारी बसली होती, ती सहावीतली. शाहीन तिच्याकडं बोट दाखवून म्हणाली, ही मागच्या साली नापास झाली होती, शाळेत जायला तयार नव्हती, मग अम्मीनं हिला जवळ घेऊन सांगितलं, "रोती कायकू? मैं बी नापास हूं. वो बी उर्दू में."

मी म्हणाले, "असंच पोरीला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल."

शाहीन म्हणाली, "नाय, खाला. तुमाला म्हाईत नाय?"

मग तिनं सगळं सांगितलं. माझा हिशोब उलटा आला त्याच वर्षी तू उर्दूत नापास होतीस. ज्या भाषेत मी, लासूर स्टेशनची पोर, पास झाले, त्या तुझ्या स्वतःच्या भाषेत. निबंधात तू तुझ्या अम्मीसारखं लिहिलं होतंस आणि बडी उस्तानींनी ओळीमागून ओळ तांबड्या शाईनं कापली होती. त्या वाईट नव्हत्या गं. माझ्यासाठी त्यांनी पेन पुन्हा उचललं ना? परक्या पोरीच्या चुकीमागं काय आहे हे त्यांनी शोधून पाहिलं. घरची पोर चुकली तेव्हा त्यांना शोधायला काही आहे असं वाटलंच नाही. मी सुट्टीत गावी असताना त्यांनी अब्बांना बोलावून सांगितलं, हिला शिवणकाम शिकवा, हिच्या जिभेला इल्म, म्हणजे विद्या, बसणार नाही. अब्बा हातात दाभण धरणारा माणूस. इतकी शिकलेली बाई सांगते म्हणजे खरंच असणार, असं धरून ते घरी आले. आणि लेकीला कुणी नापास म्हणू नये म्हणून त्यांनी बोळात सांगितलं, पडद्यात घेतली. पडद्याला कुणी हसत नाही.

म्हणजे त्या माणसानं लेकीची लाज झाकायला जन्मभर दोष स्वतःच्या अंगावर घेतला, आणि मी त्या दोषासाठी त्यांना चारचौघांत बोलले. चाळीस वर्षं मी मुलांच्या आईबापांना उपदेश केला की घर सुधारा, घर सुधारा. एकदाही माझ्या मनात आलं नाही की शाळेच्या दारात उभं राहून आत बघावं. परवा मी तुमच्या कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत गेले, शाहीनला बरोबर घेऊन. बाहेरूनच अब्बांना सलाम केला. उशीर झाला हे मला माहीत आहे. तुझ्या शेजारीच आहेत ते, सांग त्यांना.

हे सगळं कळूनही, तुला आश्चर्य वाटेल, पण मला फार दुःख झालं नाही. तुझं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं आणि त्यात कुठं रिकामी जागा सापडली नाही. ओट्यावरची पोरं, सुटी पानं, घड्याळजीबरोबरची भांडणं, सणाला मला वेगळ्या भांड्यात केलेली खीर. तू खूप जगलीस. फक्त मला एवढंच कळेना की माझ्याशी का लपवलंस. बाकी जगाला सांगू नये हे ठीक. मला काय हरकत होती?

मी शाहीनला तेच विचारलं. ती तुझ्यासारखीच ओढणी सावरत म्हणाली, "मैं बी पूछी थी. अम्मी बोली, जमनाकू बताती तो वो बी घर बैठ जाती."

बसले असते, हमीदा. त्याच दिवशी बसले असते.